भिंतीवरचा उलटा चोर

ग्रहण घरातच बघायचं, हा निर्णय बबडीच्या बाबांनी मंगळवारी सकाळी दात घासताना घेतला. तोंडात फेस असल्यामुळे तो लगेच कोणाला सांगता आला नाही, आणि चूळ भरेपर्यंत तो चांगला पक्का झाला.

बबडी सातवीत होती. शुक्रवारी सकाळी सूर्याला खंडग्रास ग्रहण लागणार होतं. विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला सांगितलं होतं, की प्रत्येकाने ते सुरक्षितपणे बघायचं, दर दहा मिनिटांनी चित्र काढायचं आणि वहीत सगळा प्रयोग लिहून आणायचा. बबडीने 'सुरक्षितपणे' हा शब्द घरी सहज सांगितला. बाबांनी तो तिच्याकडून तीनदा वदवून घेतला.

त्याचं असं होतं, की बाबा जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून होते आणि जन्म शेजारच्या टेबलावर होते. बाबांच्या टेबलावर नुसते मृत्यू. 'मृत्यूचे कारण' हा रकाना अठरा वर्षं स्वतःच्या हाताने भरल्यामुळे माणूस कशाकशाने जाऊ शकतो, याची त्यांच्याइतकी माहिती गावातल्या डॉक्टरांनासुद्धा नव्हती. बाटलीचं बूच उडून गेलेला माणूस त्यांनी नोंदवला होता. शिंक आली म्हणून जिन्यावरून गेलेले दोघे नोंदवले होते. (तेव्हापासून जिना उतरताना शिंक आली की बाबा आधी पायरीवर बसत आणि मग शिंकत.)

"बाबा, ग्रहणाचे खास चष्मे मिळतात," बबडी म्हणाली.

"आणि काचेला बारीकसा ओरखडा असला तर?"

"आधी तपासून घ्यायचा."

"तपासणार कशाने? डोळ्यानेच ना?"

बबडीने दुसरा उपाय काढला. पुठ्ठ्याला भोक पाडायचं, सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि भोकातून समोरच्या कागदावर पडणारा सूर्य बघायचा. सूर्याकडे बघायचंच नाही.

"आणि तू पाठ करून उभी असताना मागून कोणी हाक मारली? वळशील ना सवयीने?"

"मग काय करायचं?"

तेव्हा बाबांनी आपला निर्णय जाहीर केला. पुढची खोली पूर्ण अंधारी करायची, खिडकीवर काळा कागद लावायचा, त्यात एकच भोक ठेवायचं, दार बंद. सूर्याने आत यायचं. आपण बाहेर जायचं नाही.

बबडी म्हणाली, "भारी!" मुलीने आपल्याला भारी म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे बाबा पुढचे दोन दिवस थोडे तरंगतच होते.

बुधवारी सकाळी साधा पडदा ओढून रंगीत तालीम झाली. बबडीने पुठ्ठ्याला मुद्दाम तिकोनी भोक पाडलं होतं, तरी जमिनीवरच्या पांढऱ्या कागदावर पडला तो गोलच. "बघितलंत?" ती म्हणाली, "हा भोकाचा आकार नाही, सूर्याचा आहे." सूर्य आपल्यापासून त्याच्या रुंदीच्या साधारण एकशे आठपट लांब आहे, म्हणून भोकापासून कागदापर्यंतच्या अंतराला एकशे आठने भागलं की कागदावरच्या सूर्याची रुंदी येते, हेही तिने सांगितलं. मोजपट्टी लावली. अंतर तीन मीटर आणि सूर्य जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. बाबांना तो एवढा लहान, एवढा गरीब सूर्य फार आवडला. याच्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

फक्त पडद्याच्या कडांनी उजेड येत होता. म्हणून गुरुवारी बाबांनी अर्धा दिवस रजा टाकली. बबडी शाळेत होती. बबडीची आई सरकारी दवाखान्यात परिचारिका, ती दिवसपाळीला गेली होती. बाबांनी एकट्याने खिडकीवर काळ्या कागदाचे तीन थर चढवले, कडांना चिकटपट्टीची दोन रिळं संपवली, दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबला आणि भोकाचा पुठ्ठा मधोमध बसवला. मग कुठून उजेड झिरपतोय का ते बघायला ते पलंगावर बसले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात, असं बबडीने बजावलं होतं.

सातव्या मिनिटाला छताजवळून एक बाई चालत गेली.

बाबांनी डोळे चोळले. समोरच्या भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला, पाय छताकडे आणि डोकं जमिनीकडे करून, हातात पिशवी घेतलेली एक बाई शांतपणे डावीकडून उजवीकडे गेली. तिच्यामागून एक सायकलवाला गेला, तोही उलटा. आवाज नाही. खाली जमिनीलगत निळं आकाश पसरलं होतं आणि मधे दोन घरं डोक्यावर उभी होती.

बाबांच्या हातापायांना मुंग्या आल्या. मुंग्या येणं हे लक्षण होतं. (कशाचं ते आठवेना, पण रकान्यात ते लिहिलेलं होतं, एवढं नक्की.) त्यांनी चाचपडत फोन शोधला आणि दवाखान्यात लावला.

"अगं, मला जग उलटं दिसतंय."

बबडीच्या आईचा आवाज एकदम बदलला. "दोन्ही हात वर करा. होतायत का?"

"झाले. म्हणजे एकच झाला, दुसऱ्यात फोन आहे."

"हसा बघू. तोंड एका बाजूला ओढलं जातंय का?"

बाबा अंधारात एकटेच हसले. समोरून एक उलटं कुत्रं गेलं. बाबांचं हसू तिथेच थिजलं.

"सरळ आहे बहुतेक. पण अगं, माणसं छतावरून चालतायत! रंगीत!"

 मग तिने विचारलं, "तुम्ही बसलायत कुठे?"

"पुढच्या खोलीत. कागद लावून."

"आणि ते भोक?"

"आहे ना."

"मग तुम्ही कॅमेऱ्यात बसलायत," बबडीची आई म्हणाली. तिचा आवाज आता नेहमीसारखा झाला होता, म्हणजे बाबांच्या तब्येतीला धोका नव्हता, पण बाबांना होता. "उजेड सरळ रेषेत जातो. घराच्या छपरावरून निघालेला उजेड त्या भोकातून तिरका खाली येतो, रस्त्यावरचा तिरका वर जातो. म्हणून उलटं दिसतं. सूर्य दिसतो तसाच रस्ताही दिसतो. बबडीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. मी इथे दोन सलाईनं सोडून आलेय!"

"पण उलटं बघवत नाही गं. गरगरतं."

"मग तुम्ही उलटे व्हा!" असं म्हणून तिने फोन ठेवला.

बाबांना ही सूचना पटली.

ते पलंगावर उताणे झाले, भिंतीकडे सरकले आणि डोकं कडेवरून खाली लोंबकळत सोडलं. आणि काय आश्चर्य, जग सरळ झालं. खाली रस्ता, वर आकाश. दुपारचं ऊन समोरच्या घरांवर पडलं होतं आणि भिंतीवर सगळं लख्ख उमटलं होतं. झाडाची पानं हलत होती. दोरीवरचे कपडे हलत होते. इतकं सुंदर काही आपल्या पुढच्या खोलीत कधी घडलं असेल, असं बाबांना वाटलं नव्हतं. माणूस बाहेर न पडता बाहेरचं बघू शकतो, याहून अधिक त्यांना आयुष्याकडून काही नकोच होतं.

तेवढ्यात समोरच्या घराला शिडी लागली.

समोरची घरं जुळी होती. मधली भिंत एक, बाल्कन्या शेजारीशेजारी, रंगसुद्धा एकच. दोघांनी एकाच रंगाऱ्याकडून एकदमच काढून घेतलेला. बाबांच्या खिडकीतून बघितलं की डावीकडचं घर निवृत्त हवालदारकाकांचं आणि उजवीकडचं व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंचं. काका एकटे, बाईही एकट्या. बाई साठीच्या पुढच्या आणि दुपारी दोन ते चार गाढ झोपणाऱ्या. शिडी लागली होती ती उजवीकडच्या घराला.

(विजेचा खांब काकांच्या घरापाशी असतो, तो आज बाईंच्या घरापाशी कसा, अशी एक शंका बाबांच्या मनात येऊन गेली. पण डोकं खाली असलं की रक्त उतरतं आणि माणसाला खांब इकडचे तिकडे दिसत असावेत, असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली.)

शिडीवरून एक माणूस चढत होता. अंगात बनियन, खाली अर्धी विजार आणि डोक्याभोवती टॉवेल गुंडाळलेला. तोंड म्हणजे नुसता एक डाग. दोन पायऱ्या चढून तो थांबे, इकडेतिकडे बघे, पुन्हा चढे.

 ओरडावं तर चोराला कळेल, की कोणीतरी बघतंय. खिडकी उघडावी तर तीन थर कागद आणि दोन रिळं. पोलिसांना फोन करावा तर ते नाव विचारतील, पत्ता विचारतील, आणि चोर सुटला की तो पत्ता त्यालाही कळेल. बाबांच्या ओळखीचा खाकी माणूस एकच होता, तोही निवृत्त. त्यांनी उलट्या डोक्यानेच हवालदारकाकांचा नंबर लावला.

बराच वेळ घंटी वाजली.

"काका," बाबा कुजबुजले, "मी समोरचा. कारकून."

"बोला," काकांना धाप लागली होती. "जरा लवकर बोला."

"व्हायोलिनबाईंच्या घरात चोर शिरतोय. शिडी लावून चढलाय, आता बाल्कनीत पोचलाय!"

"काय सांगता? तुम्हाला दिसतोय?"

"माझ्या भिंतीवर दिसतोय."

"तुमच्या भिंतीवर चढलाय?"

"नाही हो. चोर तिकडेच आहे. माझ्या भिंतीवर फक्त दिसतोय. तुम्ही कुठे आहात?"

काका थोडे घुटमळले. "आहे... इथेच आहे. जवळपासच."

आणि त्याच वेळी बाबांना जे दिसलं त्याने त्यांच्या अंगावर काटा आला. चोराचाही हात कानाला होता. चोरसुद्धा फोनवर बोलत होता!

"काका, टोळी आहे! त्याला आतून कोणीतरी सूचना देतंय!"

"तुम्ही घाबरू नका," काका म्हणाले, पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता. "मी बघतो. मी पलीकडे जातो."

भिंतीवरच्या चोराने कठड्यावर पाय टाकला आणि तो शेजारच्या बाल्कनीकडे निघाला.

"काका! तो तुमच्या घराकडे वळला! तुमच्या कठड्याला हात घातलाय त्याने!"

"माझ्या? अहो, मी आत्ताच तर... थांबा, मी मागे येतो."

चोर मागे फिरला.

"परत गेला! परत बाईंकडे गेला!"

"पुन्हा तिकडे? मला कसा दिसत नाही? थांबा."

चोर पुन्हा वळला. बाबांना आता दरदरून घाम फुटला होता आणि तो उलटा वाहून डोळ्यांत जात होता. "काका, तो तुमचं बोलणं ऐकतोय! तुम्ही इकडे आलात की तो तिकडे जातो, तुम्ही तिकडे गेलात की इकडे येतो. फार सराईत आहे!"

 काकांनी हळूच विचारलं, "दिसायला कसा आहे?"

"वयस्कर वाटतो. पोट सुटलंय. बनियनवर आहे, अर्धी विजार, डोक्याला टॉवेल."

"टॉवेल? कसला टॉवेल?"

"हिरवा."

भिंतीवरच्या चोराने डोक्यावरचा टॉवेल चाचपला.

"कारकूनसाहेब," काका कापऱ्या आवाजात म्हणाले, "तो माझ्या वेशात आलाय."

तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस एवढा घाबरलेला ऐकल्यावर बाबांच्या अंगातलं उरलंसुरलं त्राणही गेलं. भिंतीवरचा चोर दोन बाल्कन्यांच्या मधे, एक पाय इकडे आणि एक तिकडे टाकून, जागच्या जागी थबकला होता. त्याच्या पायाचा धक्का लागून शिडी हळूहळू कलली आणि रस्त्यावर आडवी झाली. मग त्याच्या हातातून काहीतरी सुटलं. बाबांच्या कानात 'टप्' असा आवाज झाला आणि फोन मुका झाला.

"काका? काका!"

काही नाही.

गाठलं. चोराने काकांना गाठलं. बाबांच्या डोळ्यांसमोर उद्याचा अर्ज उभा राहिला. नाव, वय, पत्ता, आणि मग तो रकाना. तो भरायला बसणार कोण, तर आपणच. आणि खरं कारण लिहायचं झालं तर लिहावं लागणार होतं, 'शेजाऱ्याचा फोन'.

तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. ही भिंतीवरची नव्हती. ही चांगली तीन थर कागदांतून आरपार आली आणि ती व्हायोलिनबाईंची होती.

बाबा ताडकन उठले. म्हणजे उठायचं ठरवलं. डोकं खाली आणि पाय वर असताना ताडकन उठता येत नाही, हे त्यांना जमिनीवर आपटल्यावर कळलं. अंधारात त्यांनी दार शोधलं तर हाताला कपाट लागलं. पुन्हा शोधलं तर पुन्हा कपाटच. (त्या खोलीत कपाट एकच होतं. दार सापडू नये म्हणून ते फिरत असावं.) बाहेरून दुसरी किंकाळी आली. तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता एक गोष्ट केली. त्या एका उजेडाच्या ठिपक्याकडे ते धावले, दोन्ही हातांनी कागद धरला आणि टराटरा फाडला.

उजेडाने डोळे दिपले. ते निवळले तेव्हा बाबांनी बघितलं, आणि पुन्हा बघितलं.

शिडी पडली होती ती डावीकडच्या, म्हणजे काकांच्या घरासमोर. दोन बाल्कन्यांच्या मधे हिरवा टॉवेल गुंडाळून, एक पाय आपल्या कठड्यावर आणि एक बाईंच्या कठड्यावर ठेवून, स्वतः हवालदारकाका अडकले होते. त्यांचा गुडघा आखडला होता. त्यांना पुढे जाता येत नव्हतं आणि मागेही येता येत नव्हतं. आणि झोपेतून उठलेल्या व्हायोलिनबाई व्हायोलिनच्या पेटीने त्यांना बडवत होत्या.

"बाई! थांबा!" बाबा खिडकीतून ओरडले. "हवालदार आहेत ते!"

"हवालदार असे येतात का?" बाई ओरडल्या आणि आणखी एक ठेवून दिली.

"कारकूनसाहेब," काका वरून कळवळून म्हणाले, "शिडी!"

खाली फरशी होती. उंची बारा फूट. काकांचं वय अडुसष्ट. बाबांना हे आकडे एकापुढे एक दिसले आणि त्यापुढचा रकाना रिकामा दिसला. ते धावले. जिना कसा उतरले ते त्यांना नंतर आठवत नव्हतं. शिंक आली होती एवढं आठवत होतं, पण ते थांबले नव्हते. रस्ता ओलांडताना त्यांनी डावीउजवीकडे बघितलंसुद्धा नाही. शिडी उचलली. ती लाकडी आणि जड होती, एरवी अशी वस्तू त्यांनी दोन माणसं आल्याशिवाय उचलली नसती. भिंतीला लावली, खालच्या पायरीवर उभं राहून दोन्ही हातांनी कवटाळली आणि डोळे मिटून घेतले.

"उतरा काका! मी धरलीय!"

"तुम्ही डोळे मिटलेत!"

"डोळ्यांनी कुठे धरायचीय? तुम्ही उतरा!"

बाईंची समजूत आता पटली होती. (चेहऱ्यावरून नव्हे, काकांनी तिसऱ्या तडाख्याला दिलेल्या शिवीवरून.) त्यांनी काकांचा अडकलेला पाय दोन्ही हातांनी उचलून दिला. काका एकेक पायरी कण्हत उतरले. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या तेव्हा गुडघ्याने पुन्हा दगा दिला आणि हवालदारकाका सगळेच्या सगळे बाबांवर आले.

कोणी दगावलं नाही. काकांचा घोटा मुरगळला. बाबांच्या पाठीचं जे झालं त्याला नाव नव्हतं, पण ते जन्मभर लक्षात राहणार होतं.

"कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलो," काका फरशीवर बसून सांगू लागले, "आणि दार आपोआप लागलं. किल्ली आत. हवालदाराला स्वतःच्या घरात शिरता येत नाही, हे कोणाला सांगायचं? म्हटलं, दुपारची वेळ आहे, कोणी बघत नाही. चढावं गुपचूप."

"आणि मला चोर सांगितलात तो कोण?" काका बाबांकडे वळले.

बाबा काही बोलणार एवढ्यात बबडी दप्तर घेऊन कोपऱ्यावरून आली. तिने फरशीवर बसलेल्या काकांकडे बघितलं, हातात पेटी धरून बाल्कनीतून वाकलेल्या बाईंकडे बघितलं, आणि मग वर आपल्या खिडकीकडे बघितलं.

"बाबा!" ती म्हणाली. "कागद कोणी फाडला?"

संध्याकाळी बबडीच्या आईने काकांच्या घोट्याला पट्टी बांधली आणि बाबांच्या पाठीला मलम चोळलं. चोळताना ती एक शब्द बोलत नव्हती, आणि बाबांना तेच जास्त लागत होतं.

"पण मी तर उजवीकडेच बघितला होता," बाबा पुटपुटले. "स्वतःच्या डोळ्यांनी."

"स्वतःच्या उलट्या डोळ्यांनी," बबडी म्हणाली. तिने वहीच्या पानावर दोन घरं काढली, एकात 'ह' लिहिलं, दुसऱ्यात 'व्ह'. "भिंतीकडे तोंड करून बघितलं तर चित्रात नुसतं वरचं खाली झालेलं होतं. डावं डावीकडेच होतं. तुम्ही डोकं खाली केलंत, त्यामुळे वरचं वर आलं, पण त्याबरोबर डावं उजवीकडे गेलं. आरशात जातं तसं. काका स्वतःच्याच घरावर होते."

"हिनेच सांगितलं मला उलटं व्हायला."

"ते मी रागाने सांगितलं होतं!" बबडीची आई म्हणाली आणि मलमाचा हात जरा जोरात पडला.

नवा काळा कागद आणायला दुकान उघडं नव्हतं. मग फाटलेलेच तुकडे जोडून, चिकटवून, ठिगळावर ठिगळ लावून खिडकी पुन्हा झाकली गेली. बाबांना एकट्याने काही करू दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता पुढच्या खोलीत पाच माणसं होती. काका पाय लांब करून पलंगावर बसले होते. व्हायोलिनबाई आल्या होत्या, कारण "तुमच्या भिंतीवर मी कशी दिसते ते मला बघायचंय." दार लागलं, टॉवेल कोंबला गेला, आणि जमिनीवरच्या पांढऱ्या कागदावर तो पावणेतीन सेंटिमीटरचा सूर्य येऊन बसला.

थोड्या वेळाने त्याच्या कडेला एक खाच पडली.

 खाच वाढत गेली. बबडी गुडघ्यांवर बसून चित्र काढत होती, घड्याळ बघत होती, पुन्हा काढत होती. आकाशात कुठेतरी चंद्र होता, तो कोणालाच दिसत नव्हता, पण कागदावरचा सूर्य कातरला जात होता.  रस्त्यावरचे आवाज कमी झाले होते. भोकातून येणारा उजेड पांढरा होता, तो आता थकल्यासारखा वाटत होता. आणि हे कोणी थांबवू शकत नव्हतं, हे बाबांना एकाएकी फार जाणवलं. एवढा मोठा सूर्य, आणि त्यालाही आपल्यासारखं निमूट उभं राहावं लागत होतं. त्यांनी अंधारात हात पुढे केला. बबडीच्या आईचा हात तिथेच होता.

"बाबा," बबडी एकदम म्हणाली, "काकांच्या पायाकडे बघा."

काकांच्या पांढऱ्या पट्टीवर एक बारीकशी चमकती कोर होती. तशीच एक बाईंच्या बाहीवर. जमिनीवर सात, कपाटाच्या दारावर दोन. बाबांनी काल फाडलेल्या आणि घाईने जोडलेल्या कागदात जिथे जिथे बारीक फट राहिली होती, त्या प्रत्येक फटीतून एकेक खाल्लेला सूर्य आत आला होता. सगळ्या कोरी एकाच बाजूला वळलेल्या. काका आपला पाय असा जपून धरून बसले की जणू ती कोर सांडेल.

"हे पुस्तकात नाहीये," बबडी हळूच म्हणाली. तिने एकूण अकरा मोजल्या.

बाबांना वाटलं, आता आपण काहीतरी बोलावं. पण आवाज फुटला नाही, म्हणून ते गप्प राहिले, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट ठरली.

पुढच्या बुधवारी बबडीची वही तपासून आली. बाबांनी ती चष्मा लावून, पहिल्या पानापासून वाचली. उद्देश, साहित्य, आकृती, निरीक्षणं, सगळं नीटनेटकं. अकरा कोरींच्या आकृतीला विज्ञानाच्या बाईंनी 'उत्कृष्ट' दिलं होतं. शेवटी 'घ्यावयाची दक्षता' असं शीर्षक होतं आणि त्याखाली चार मुद्दे. एक, सूर्याकडे थेट बघू नये. दोन, भोकातूनही सूर्याकडे बघू नये. तीन, कागद पक्का चिकटवावा. चार, प्रयोग चालू नसतानाही वडिलांना खोलीत एकटं सोडू नये.

चौथ्या मुद्द्यावर लाल शाईने दोन बरोबरच्या खुणा होत्या, आणि बाजूला लिहिलं होतं, 'छान! कोणालाच न सुचलेला मुद्दा. वर्गात वाचून दाखवला. सर्वांनी लिहून घेतला.'

"सर्वांनी म्हणजे किती जणांनी?" बाबांनी विचारलं.

"बेचाळीस," बबडी म्हणाली.

शनिवारी शाळा सुटताना बाबा तिला आणायला फाटकापाशी उभे होते. पाठ अजून पूर्ण सरळ होत नव्हती, म्हणून जरा वाकूनच. बबडीच्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर बाहेर आली, बाबांकडे बघून थबकली, आणि आईचा पदर ओढून हलक्या आवाजात, पण फाटकापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आई, हेच ते, दक्षता नंबर चार! आणि बघ ना, एकटेच उभे आहेत!"